घोड्यांच्या रोगांवरील प्रतिजैविके : वापर व मर्यादा

सूक्ष्मजंतूंचा नाश करणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी, मूलतः कवके व मृदेतील सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळालेली द्रव्ये म्हणजे प्रतिजैविके होत. यांतील काही द्रव्ये पुढे रासायनिक फेरबदल करून किंवा पूर्णतः कृत्रिम रीत्या तयार करण्यात आली. मनुष्य, गाय, कोंबडी व घोडा यांच्यासाठी वापरण्यात येणारी प्रतिजैविके बहुतांशी एकाच कुळातील असतात. तथापि घोड्याची पचनसंस्था, त्याच्या उपयोगाचे स्वरूप आणि माणसाशी असलेला त्याचा निकट सहवास यांमुळे या औषधांच्या वापराला अश्ववैद्यकात काही वेगळ्या मर्यादा पडतात. या मर्यादा ज्या अनुभवांतून लक्षात येत गेल्या, त्यांचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला असून त्यात महाराष्ट्रातील घटनांचा विशेष विचार केला आहे.

पूर्वपीठिका : भारतात अश्वचिकित्सेची परंपरा प्राचीन आहे. शालिहोत्र हा या शास्त्राचा आद्य प्रवर्तक मानला जातो. त्याच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत नकुलाचे म्हणून प्रसिद्ध असलेले अश्वचिकित्सित व जयदत्ताचे अश्ववैद्यक हे संस्कृत ग्रंथ मोडतात. घोड्यांच्या वैद्यास रूढ असलेला ‘सालोत्री’ हा शब्द शालिहोत्राच्या नावावरूनच आला आहे. मराठ्यांच्या लष्करात घोडदळास मोठे महत्त्व होते. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार या दोघांचेही बळ घोड्याच्या प्रकृतीवर अवलंबून असल्याने पागेत सालोत्री, नालबंद व मोतद्दार यांना काम असे. जखमा धुणे, गळू फोडणे, डागणे आणि वनस्पतिज औषधांचे लेप व काढे देणे हे त्यांचे मुख्य उपचार होत. जखम चिघळली, धनुर्वात झाला किंवा फुप्फुसाला सूज आली, तर मात्र या उपचारांचा फारसा इलाज चालत नसे.

आधुनिक पशुवैद्यकाचे शिक्षण पश्चिम भारतात १८८६ मध्ये मुंबईतील परळ येथे निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाने सुरू झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने उभारलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारातच ते भरत असे. त्या काळी लष्कर, टपाल, टांगे, ट्राम व शर्यती या सर्वांचा भार घोड्यांवर असल्याने पशुवैद्याच्या अभ्यासक्रमात घोड्यास अग्रस्थान होते.

याच सुमारास घोड्याचा वैद्यकाशी एक वेगळा संबंध जुळून आला. एमील फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये असे दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प यांच्या विषाची अल्प मात्रा प्राण्यास टोचली असता त्याच्या रक्तरसात त्या विषाचा प्रतिकार करणारे द्रव्य तयार होते. हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर मिळविण्यासाठी घोडा हा सर्वांत सोयीचा प्राणी ठरला. कारण त्याच्या शरीरातून एका वेळी काही लिटर रक्त काढले, तरी त्याला फारसा अपाय होत नाही. मुंबईत १८९६ मधील प्लेगच्या साथीच्या वेळी व्हाल्डेमार हाफकिन यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथे नेण्यात आली व १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. या संस्थेच्या प्रतिविषांच्या कार्यात घोड्यांचा वाटा मोठा होता. पुण्याजवळील पिंपरी येथे तिच्या घोड्यांची पागा होती. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपैदास केंद्रातून शर्यतीसाठी निरुपयोगी झालेले घोडे या संस्थेकडे रक्तरसासाठी जात. त्यातूनच १९६६ मध्ये पुणे येथे सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली व तिने प्रारंभी धनुर्वाताचा प्रतिविष रक्तरस तयार केला.

अशा प्रकारे प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी अनेक वर्षे घोडा माणसाचे प्राण वाचवीत होता. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांच्या दंशावर भारतात दिले जाणारे प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तापासूनच तयार होते. शेतात काम करणाऱ्या माणसाचे जीवित या अर्थाने घोड्याच्या आरोग्याशी निगडित आहे.

प्रतिजैविकांचे आगमन : गेर्हार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या रंजकद्रव्याचा गुण प्रसिद्ध केल्यावर सल्फा औषधे प्रचारात आली. ही काटेकोर अर्थाने प्रतिजैविके नव्हेत. परंतु सूक्ष्मजंतूंवर शरीराच्या आत परिणाम करणारी औषधे म्हणून पशुवैद्यांच्या हाती प्रथम तीच आली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये आढळलेले पेनिसिलीन हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतर औषधाच्या स्वरूपात आणले. त्यापाठोपाठ स्ट्रेप्टोमायसीन (१९४३), क्लोरँफिनिकॉल (१९४७), क्लोरटेट्रासायक्लीन (१९४८) व ऑक्सिटेट्रासायक्लीन (१९५०) ही औषधे उपलब्ध झाली. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर पेनिसिलीन मुबलक मिळू लागले आणि जनावरांच्या दवाखान्यांतही त्याचा प्रवेश झाला.

भारतात पेनिसिलीन तयार करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालक निधी यांच्या साहाय्याने सरकारी क्षेत्रात हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली व १९५५ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. तिचा कारखाना पिंपरी येथेच उभारण्यात आला. घोड्यांच्या रक्तरसापासून माणसासाठी औषध आणि कवकापासून माणूस व जनावर या दोहोंसाठी औषध, अशी दोन्ही कामे त्यामुळे एकाच गावाच्या परिसरात चालू लागली. देशात तयार होणाऱ्या पेनिसिलिनामुळे परदेशी मालावरचे अवलंबन कमी झाले व हे औषध हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले.

घोड्यांच्या बाबतीत पेनिसिलीन अत्यंत उपयुक्त ठरले. खुरात खिळा रुतून होणारी जखम, प्रवासानंतर उद्भवणारा फुप्फुसशोथ, व्याल्यानंतर घोडीच्या गर्भाशयास होणारा संसर्ग आणि शिंगराच्या नाळेतून शिरणारा व सांधे सुजविणारा रोग यांत पूर्वी दगावणारी जनावरे वाचू लागली. मात्र या यशामुळे ताप दिसला की पेनिसिलीन टोचावे, असा प्रघातही पडला. फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच अपुऱ्या मात्रेमुळे सूक्ष्मजंतू औषधास सरावतील, असा इशारा दिला होता. माणसांच्या व जनावरांच्या वैद्यकांत त्याची प्रचिती लवकरच आली.

घोड्याची पचनसंस्था व औषधाचा धोका : गाय, म्हैस व शेळी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत चारा आंबविण्याचे कार्य पोटाच्या पहिल्या कप्प्यात होते. घोड्यास असा कप्पा नसतो. त्याच्या चाऱ्यातील तंतुमय भाग उंडुक (मोठ्या आतड्याच्या प्रारंभीची पिशवी) व बृहदांत्र यांत आंबतो. एकट्या उंडुकाची धारणा सु. ३० लिटर असून बृहदांत्राची तिच्याहून कितीतरी अधिक असते. या पोकळीत राहणारे असंख्य सूक्ष्मजीव घोड्यास ऊर्जा पुरवितात व अपायकारक सूक्ष्मजंतूंना वाढू देत नाहीत. प्रतिजैविकाने हा समतोल ढळला, तर क्लॉस्ट्रिडियम किंवा साल्मोनेला वंशाच्या सूक्ष्मजंतूंची झपाट्याने वाढ होऊन आतड्यास तीव्र सूज येते. अशा घोड्यास पाण्यासारखे जुलाब होतात, त्याच्या शरीरातील पाणी व क्षार घटतात, अंतर्विष रक्तात भिनते आणि खुरातील नाजूक ऊतकास सूज येऊन तो लंगडू लागतो. कित्येकदा एक-दोन दिवसांतच मृत्यू ओढवतो.

हा धोका प्रत्यक्ष वापरातून उमगत गेला. लिंकोमायसीन व क्लिंडामायसीन ही औषधे घोड्यास घातक असल्याचे दिसून आले. टेट्रासायक्लीन गटातील औषधे दिल्यानंतर, विशेषतः शस्त्रक्रिया वा लांबचा प्रवास यांचा ताण पडलेल्या घोड्यांत, तीव्र अतिसार होत असल्याचे वृत्तान्त १९७० च्या दशकात यूरोपातून प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. एरिथ्रोमायसिनाचा उपचार चालू असलेली शिंगरे बरी होत. पण त्यांच्याजवळ असणाऱ्या घोड्यांच्या माद्या आतड्याच्या विकाराने आजारी पडत. शिंगराच्या विष्ठेतून वा तोंडाला लागलेल्या औषधातून अत्यल्प अंश आईच्या पोटात जाई व तेवढाही तिला बाधक ठरे. कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात मिसळले जाणारे मोनेन्सीन हे द्रव्य घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंस घातक असून शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे २ ते ३ मिग्रॅ. एवढ्या मात्रेनेही मृत्यू येऊ शकतो. अन्य जनावरांचे तयार खाद्य घोड्यास घालू नये, असे सांगतात ते यामुळेच.

इतर औषधांनाही त्यांच्या त्यांच्या मर्यादा आहेत. जेंटामायसीन मूत्रपिंडास अपाय करते, म्हणून शरीरातील पाणी घटलेल्या घोड्यास ते देताना विशेष काळजी घ्यावी लागते. एन्रोफ्लॉक्सॅसिनामुळे वाढत्या शिंगराच्या सांध्यांतील कूर्चा बिघडते. क्लोरँफिनिकॉल घोडा सहन करू शकतो. परंतु ते हाताळणाऱ्या क्वचित एखाद्या माणसाच्या अस्थिमज्जेवर त्याचा प्राणघातक परिणाम होऊ शकतो.

ग्लँडर्स व औषध न देण्याचा निर्बंध : जबाबदार वापराचा एक अर्थ काही प्रसंगी औषध मुळीच न वापरणे असाही होतो. ग्लँडर्स हा रोग याचे ठळक उदाहरण आहे. घोडे, गाढवे व खेचरे यांना होणारा हा रोग बर्कहोल्डेरिया मॅलिआय या सूक्ष्मजंतूमुळे उद्भवतो. फ्रीड्रिख लफ्लर व व्हिल्हेल्म श्युट्स यांनी १८८२ मध्ये या सूक्ष्मजंतूचा शोध लावला. नाकातून घट्ट स्राव येणे, नाकात व्रण पडणे, फुप्फुसात गाठी होणे आणि त्वचेखालील लसीका वाहिन्यांवर गाठी येऊन त्या फुटणे ही त्याची लक्षणे होत. काही जनावरे वरवर निरोगी दिसत असूनही रोगाचा प्रसार करतात. माणसास हा रोग क्वचित होतो. पण उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू येतो.

भारतात १८९९ मध्ये ग्लँडर्स अँड फार्सी ॲक्ट हा कायदा झाला. त्यानुसार पशुवैद्याने रोगाचे निदान निश्चित केल्यावर ते जनावर मारून टाकणे आवश्यक होते. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, म्हणून हा उपाय अपरिहार्य होता, असे कोणी म्हणेल. पण प्रतिजैविके आल्यानंतरही नियम बदलला नाही. या औषधांनी लक्षणे मावळतात; तथापि जनावर रोगमुक्त झाले की रोगवाहक राहिले, याची खात्री देता येत नाही. पाकिस्तानात एका मर्यादित साथीतील २३ घोड्यांना १२ आठवडे प्रतिजैविके देऊन ते बरे झाल्याचा वृत्तान्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु एवढा दीर्घ व खर्चिक उपचार कडक विलगीकरणाखालीच शक्य आहे आणि त्यावरून सर्वसाधारण धोरण ठरविता येत नाही. १८९९ चा कायदा २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाच्या कायद्याने रद्द झाला. मात्र बाधित जनावराचा नाश करण्याचे तत्त्व कायम राहिले.

महाराष्ट्रास या तत्त्वाची आठवण २००६ मध्ये झाली. त्या वर्षी पुणे व पाचगणी परिसरातील घोड्यांत ग्लँडर्स आढळला आणि त्यानंतर देशाच्या अन्य राज्यांतूनही त्याचे वृत्त आले. पर्यटकांना फिरविणाऱ्या घोड्यावर ज्याचा संसार चालतो, त्याला जनावर मारले जाणे म्हणजे उपजीविका गमावणे असते. त्यामुळे रोग लपविण्याचा व गुपचूप प्रतिजैविके टोचण्याचा मोह होतो. अशा उपचाराने नाकाचा स्राव थांबतो, घोडा बाजारात विकला जातो आणि रोग नव्या पागेत पोहोचतो. या कारणासाठी मालकास भरपाई मिळणे ही निव्वळ दयेची बाब नसून रोगनियंत्रणाचा तो आवश्यक भाग समजला जातो. हिस्सार येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र रक्ततपासणीने या रोगाचे निदान करते.

जेथे प्रतिजैविक निरुपयोगी ठरते : घोड्यास ताप येण्याची सर्व कारणे सूक्ष्मजंतुजन्य नसतात. सरा या रोगाचे कारण असलेला प्रजीव ग्रिफिथ एव्हान्झ यांनी १८८० मध्ये पंजाबात शोधून काढला. गोमाश्यांच्या दंशाने पसरणाऱ्या या रोगात नेहमीच्या प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रजीवांवर चालणारी वेगळी औषधे द्यावी लागतात. घोड्यांचा इन्फ्ल्यूएंझा व्हायरसामुळे होतो. २००८ मध्ये जम्मूतील कटरा येथे सुरू झालेली या रोगाची साथ अनेक राज्यांत पसरली होती. त्यात विश्रांती, धूळविरहित गोठा, स्वच्छ हवा व विलगीकरण हेच मुख्य उपचार होत. नंतर फुप्फुसास सूक्ष्मजंतूंचा संसर्ग झाल्याचे दिसले, तरच प्रतिजैविक द्यावे लागते.

स्ट्रँगल्स या रोगात जबड्याखालील गाठी सुजून पिकतात व फुटतात. त्याचा सूक्ष्मजंतू पेनिसिलिनास आजही सहज बळी पडतो. तरीही गाठ पिकू लागल्यावर पेनिसिलीन दिल्यास ती लवकर फुटत नाही व आजार लांबतो. म्हणून श्वास कोंडणे किंवा तीव्र ताप यांसारखी गुंतागुंत नसेल, तर गाठीला शेक देऊन ती पिकू देणे, फुटल्यावर धुणे आणि जनावर वेगळे बांधणे हा उपचार पुरेसा ठरतो. येथे सालोत्र्याची जुनी रीत व आधुनिक शास्त्र यांचे मत जुळते, हे लक्षणीय आहे.

घोडेबाजारांच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास व नांदेड जिल्ह्यात माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत दूरदूरची जनावरे एकत्र येतात. तेथून आणलेला नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवणे, त्याची बादली व खरारा वेगळा राखणे आणि त्याचा ताप रोज पाहणे या गोष्टींनी जे साधते, ते नंतर अनेक घोड्यांना इंजेक्शने देऊन साधत नाही. धनुर्वाताच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. घोडा या रोगास सर्वाधिक बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या गावी दगडगोट्यांच्या वाटांवरून वाहतूक करणाऱ्या घोड्यांना खुराच्या जखमा होण्याचा संभव अधिक असतो. वेळेवर टोचलेली धनुर्वाताची लस ही त्यांच्यासाठी कोणत्याही प्रतिजैविकापेक्षा स्वस्त व खात्रीची असते.

शर्यतीचे घोडे : मुंबईतील महालक्ष्मी व पुणे येथील शर्यतींमुळे महाराष्ट्रात उच्च प्रतीच्या घोड्यांची जोपासना होत आली आहे. या क्षेत्रात प्रतिजैविकाच्या वापरावर एक अनपेक्षित बंधन पडले. घोड्यांस सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोकेन पेनिसिलिनात पेनिसिलिनास प्रोकेन या द्रव्याची जोड दिलेली असते. त्यामुळे औषध स्नायूतून सावकाश शोषले जाऊन त्याचा परिणाम टिकतो. पण प्रोकेन हे स्थानिक बधिरताकारक असून लंगडणाऱ्या घोड्याचे दुखणे झाकण्यासाठी त्याचा दुरुपयोग होऊ शकतो. साहजिकच शर्यतींच्या नियमांनुसार ते निषिद्ध ठरले. इंजेक्शन दिल्यावर बऱ्याच दिवसांनीही मूत्रात त्याचा अंश सापडत असल्याने पशुवैद्यास औषधाची तारीख व मात्रा नोंदवून ठेवणे भाग पडले. ही नोंद ठेवण्याची सवय शर्यतीच्या शिस्तीतून आली असली, तरी प्रतिजैविकांच्या जबाबदार वापराचा तोच पाया आहे. प्रोकेन पेनिसिलीन चुकून शिरेत गेल्यास घोडा एकाएकी बेभान होऊन उधळतो व क्वचित मरतोही. हे इंजेक्शन जाणत्या हातानेच द्यावे, असा दंडक त्यामुळे आहे.

शिंगरांचा फुप्फुसरोग व रिफँपिसीन : ऱ्होडोकॉकस एक्वाय या सूक्ष्मजंतूमुळे एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांच्या फुप्फुसात गळवे होतात. स्वीडनमधील मॅग्नुसन यांनी १९२३ मध्ये या सूक्ष्मजंतूचे वर्णन केले. १९८० च्या दशकात एरिथ्रोमायसीन व रिफँपिसीन यांचा एकत्र उपचार सुरू झाल्यावर या रोगाने मरणाऱ्या शिंगरांचे प्रमाण खूपच घटले. पुढे मोठ्या पैदास केंद्रांत श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने सर्व शिंगरांची फुप्फुसे तपासण्याची पद्धत आली आणि लक्षणे नसलेल्या, केवळ बारीक गळू दिसणाऱ्या शिंगरांनाही सरसकट औषधे देण्यात येऊ लागली. परिणामी अमेरिकेतील केंटकी राज्यात २००० नंतर या औषधांना दाद न देणारे सूक्ष्मजंतू वाढत गेले. जर्मनीतील अभ्यासांत मात्र असे दिसून आले की, बारीक गळवे असलेली अनेक शिंगरे औषधावाचून बरी होतात. सर्वांना औषध देण्यापेक्षा सर्वांवर लक्ष ठेवणे व आजारी पडेल त्यालाच औषध देणे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

भारताच्या दृष्टीने यास आणखी एक बाजू आहे. रिफँपिसीन हे क्षयरोगावरील प्रमुख औषध आहे. क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या देशात त्याचा जनावरांत होणारा वापर अतिशय मोजका असावा, हे उघड आहे.

प्रतिरोध व माणसाशी संबंध : औषधाने सूक्ष्मजंतू मरतात, पण त्यांत योगायोगाने प्रतिरोधक्षम असलेले थोडे वाचतात व त्यांचीच संतती वाढते. काही सूक्ष्मजंतू प्रतिरोधाचे जनुक दुसऱ्या जातीच्या सूक्ष्मजंतूंसही देऊ शकतात. ही देवाणघेवाण घोड्याच्या आतड्यात, पागेच्या उकिरड्यात किंवा सांडपाण्यातही घडते. मेथिसिलिनास दाद न देणारा पूजनक गोलाणू १९९० च्या दशकात जपानमधील घोड्यांत व पुढे कॅनडा आणि यूरोपातील अश्वरुग्णालयांत आढळला. तेथील पशुवैद्य व मोतद्दार यांच्या नाकातही तोच सूक्ष्मजंतू मिळाला. माणसाकडून घोड्यास व घोड्याकडून माणसास असा दोन्ही दिशांनी हा संसर्ग जातो.

जनावरांच्या खाद्यातील प्रतिजैविकांबाबत ब्रिटनमध्ये मायकेल स्वॉन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ मध्ये प्रथम मोठा इशारा दिला. यूरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके खाऊ घालण्यास पूर्ण बंदी केली. घोड्यांपुरते पाहता, ब्रिटनमधील अश्ववैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये प्रत्येक दवाखान्याने आपले प्रतिजैविकांचे लेखी धोरण ठरवावे, असा उपक्रम सुरू केला. साध्या संसर्गास पेनिसिलीन वा सल्फा गटातील औषध प्रथम वापरावे आणि माणसासाठी अत्यंत महत्त्वाची असलेली सेफॅलोस्पोरीन व फ्ल्युओरोक्विनोलोन गटांतील नवी औषधे प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय देऊ नयेत, असा त्याचा आशय आहे.

भारतातील व्यवस्था : औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या १९४० च्या कायद्याखालील नियमांनुसार प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तिसऱ्या व चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिने, क्षयरोगावरील औषधे इत्यादींसाठी एच-१ ही स्वतंत्र अनुसूची २०१३ मध्ये जाहीर होऊन मार्च २०१४ पासून अंमलात आली. तीनुसार विक्रेत्यास रुग्णाची व चिठ्ठी देणाऱ्याची नोंद ठेवावी लागते. जनावरांवर औषधोपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यास दिला आहे. प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये तयार झाला व २०१९ मध्ये अन्नोत्पादक जनावरांत कोलिस्टिनाच्या वापरास बंदी घालण्यात आली. घोडा भारतात अन्नासाठी पाळला जात नाही. त्यामुळे दूध, मांस व अंडी यांतील औषधाच्या अंशांविषयीच्या नियमांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही आणि त्याच्या औषधांकडे शासनाचे व लोकांचे लक्षही तुलनेने कमी जाते.

बैलांच्या मुलखातील घोडा : या प्रश्नाचे खेड्यातील रूप समजण्यास वर्धा जिल्ह्याचे उदाहरण उपयोगी आहे. देवळी तालुक्यातील नाचणगाव व त्यालगतचे पुलगाव यांचा परिसर कापसाच्या शेतीचा आहे. वर्धा-नागपूर भागाची ख्याती गवळाऊ जातीच्या गुरांसाठी असून शेतीची जुनी मदार बैलांवर होती. नागपूर येथे १९५८ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय व २००० मध्ये महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्याने विदर्भात पशुवैद्यकाच्या शिक्षणाची सोय झाली. तथापि अशा मुलखात पशुवैद्याचा रोजचा अनुभव गाई, बैल, म्हशी व शेळ्या यांचा असतो. वरातीसाठी किंवा टांग्यासाठी पाळलेले एखाद-दुसरे घोडे त्याच्याकडे क्वचितच येतात.

गुरांच्या अनुभवावरून घोड्यावर उपचार करणे येथे धोक्याचे ठरते. गुरांना सहज मानवणारे दीर्घकाल टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लीन घोड्यास जुलाब लावू शकते. गुरांच्या फुप्फुसशोथावरील टिल्मिकोसीन घोड्याच्या हृदयास घातक आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली उरलीसुरली बाटली, अंदाजाने ठरविलेली मात्रा आणि ताप उतरताच बंद केलेले औषध हे तीन दोष एकत्र आले, म्हणजे घोड्यास अपाय व सूक्ष्मजंतूंस सराव अशी दुहेरी हानी होते. घोड्याचे वजन छातीच्या घेराच्या फितीने मोजणे, ताप व नाडी पाहणे, शक्य असेल तेव्हा स्रावाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठविणे, ठरलेल्या वेळी पूर्ण मात्रा देणे व जुलाब लागताच औषध थांबवून पशुवैद्यास कळविणे या साध्या गोष्टी खेड्यातही करता येण्याजोग्या आहेत.

घोड्यांची संख्या व उपयोग घटत गेले आहेत. मुंबईतील घोडागाड्या बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. टांगेही बहुतेक गावांतून नाहीसे झाले. जे घोडे उरले, ते शर्यती, पर्यटन, वराती, पोलीस व लष्कर आणि प्रतिविषांची निर्मिती यांसाठी पाळले जातात. पूर्वी धनुर्वात व घटसर्प यांवरील रक्तरस देणारा घोडा आज सर्पदंशावरील प्रतिविष देतो आणि त्याला व माणसाला लागणारी प्रतिजैविके समाईकच आहेत. या समाईक ठेव्याची जपणूक नव्या औषधांच्या शोधाइतकीच अचूक निदान, लस, विलगीकरण व नोंद यांवर अवलंबून आहे, हेच या इतिहासावरून दिसून येते.